हार्ड डिस्कवरचं कुंभारणीचं बिऱ्हाड

श्रावणातल्या मुकुट सप्तमीचा दुसरा दिवस,
निपाणीजवळून

चि. श्रेयांस यास दाजीचा जयजिनेंद्र आणि तुझ्या आक्काचा आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. धरून चालतो म्हणायचं कारण, मागं फोनवर विचारलं तेव्हा तू "दाजी, मीटिंगमध्ये आहे" म्हणालास, आणि बेंगळूरच्या मीटिंगांबद्दल जे ऐकून आहे त्यावरून त्यात बसायला बरीच ताकद लागत असावी. तुझी पाठ दुखते असं कुणीतरी तुझ्या आक्काला सांगितलं. तिनं तेलाची बाटली भरून ठेवली आहे, ती न्यायला तरी ये. (हे तिचं वाक्य आहे. माझं म्हणणं पुढं येईल.) इकडं पाऊस बेताचा आहे, सोयाबीन गुडघ्याला आलं, म्हैस आटली, दूध संस्थेत सेक्रेटरीची खुर्ची अजून माझ्याच खाली आहे, आणि तुझ्या आक्काची, पद्मावतीची, चातुर्मासाची एकवेळ जेवायची एकाशनं सुरू आहेत, त्यामुळं तिची प्रकृती हलकी आणि जीभ धारदार झाली आहे. आप्पांचं वय झालं, तरी दात सोडले तर त्यांचं काही पडलेलं नाही. माझ्याविषयी विचारशील तर, श्रेयांस, मी फार वाईट अवस्थेत आहे.

हे फोनवर का सांगितलं नाही असं तुला वाटेल. व्हॉट्सॲपवर मजकूर चार ओळींपुढं गेला की तू नुसता अंगठा पाठवतोस. आजारपणाला अंगठा, बारशाला अंगठा. आमचे चुलते वारले तेव्हाही तुझा अंगठाच आला, तो मी कुणाला दाखवला नाही. आणि फोनवर बोलावं तर आमच्या घरात रेंज फक्त सोप्यात येते, सोप्यात आप्पा बसलेले असतात, आणि आप्पांना ऐकू कमी येतं हे खरं असलं तरी त्यांच्यापासून लपवायचं असतं तेवढं त्यांना नेमकं ऐकू येतं. म्हणून शेवटी कागद घेतला.

गोष्ट तू जोडून दिलेल्या कॉम्प्युटरची आहे. बेळगावात कॉलेजला असताना तू खडेबाजारातून एकेक भाग पिशवीतून आणलास, आमच्या माजघरात पोतं अंथरून तो जोडलास आणि नोकरीला जाताना "दाजी, ह्याला सांभाळा" म्हणून माझ्या स्वाधीन केलास. मी सांभाळला. दर दसऱ्याला त्याला झेंडू वाहिला (बाहेरूनच), उन्हाळ्यात त्याच्याकडं पंखा फिरवला आणि स्वतः घाम पुसत बसलो. आता गावातल्या पोरांच्या खिशात त्याच्यापेक्षा हुशार फोन आहेत हे मला कळतं. पण आप्पांची पदं त्याच्यातच आहेत, आणि ती ज्या जुन्या मराठी अक्षरांत टाईप केली ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर नुसते चौकोन दिसतात असं डेअरीतल्या कॉम्प्युटरवर एकदा पाहिलं आहे.

आप्पांच्या पदांचं तुला थोडंफार माहीत आहे. तुझ्या लग्नात पंगत बसल्यावर त्यांनी उभं राहून म्हटलं होतं ते त्यांतलंच एक. (लोक हातातला घास हातात धरून थांबले, आणि भात गार झाला.) माझे वडील म्हणून सांगत नाही, पण असा माणूस मी दुसरा बघितला नाही. शाळा चौथीपर्यंत, जन्म गेला शेतात, आणि पेरताना, भांगलताना, मळणीला बैल फिरवताना तीर्थंकरांवर पदं जुळवत राहिले. कागदावर एक नाही, सगळी डोक्यात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांना वाटलं की आता डोक्यातलंही अंधुक होणार, म्हणून मला म्हणाले, उतरवून घे. तेव्हापासून तीन वर्षं, मी दुपारी डेअरीतून जेवायला आलो की आमची बैठक बसायची. ते म्हणायचे, "लिही." मी सरळ कॉम्प्युटरवर लिहायचो. "वाच." मी वाचायचो. "आसं मी म्हटलंच न्हाय." आप्पा, आत्ताच म्हटलासा की. "मग मी चुकलो आसंन, पर तू कशाला लिवलास?" या पद्धतीनं एक पद पुरं व्हायला किती दिवस लागत असतील याचा तूच विचार कर. तरी फाल्गुनात शेवटचं पद संपलं. 

यंदा आपल्या बस्तीच्या देवळात मुनी महाराजांचा चातुर्मास आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्वात आप्पांच्या पदांचं पुस्तक महाराजांच्या हाती द्यायचं असं ठरलं. इचलकरंजीच्या प्रेसवाल्यानं कागद आणून ठेवला. बस्तीतल्या पंडितजींनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. आप्पांनी कधी नव्हे ते स्वतःहून न्हाव्याला बोलावलं. आता फक्त पदं कॉम्प्युटरमधून काढून प्रेसला द्यायची होती. तू विचारशील, दाजी, दुसरीकडं कॉपी का ठेवली नाही? ठेवणार होतो. पण आप्पांचं म्हणणं पडलं की अपुरी वस्तू घराबाहेर जाऊ नये, आणि पुरी झाल्यावर मला वाटलं, आता ती पळून कुठं जातात.

घोटाळा वैशाखात झाला. वळीव सुरू झाला, विजा पडू लागल्या, पलीकडच्या गल्लीत एकाचा टीव्ही जळाला. निपाणीचा विक्रम म्हणून एक आहे, डेअरीचे कॉम्प्युटर तोच बघतो, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, काम नसेल तेव्हा वायर काढून ठेवत चला. त्याच्या मनात भिंतीतली वायर होती. मी मात्र विचार करत बसलो की वीज घरात शिरली तर ती कुठल्या वायरीनं येईल हे तिला कोण सांगणार, आणि कॉम्प्युटरच्या पेटीचं दार उघडून हार्ड डिस्कला जोडलेला तो आतला रुंद पट्टाही उपसून ठेवला. (पोटाला त्रास होऊ नये म्हणून कुणी दात काढून ठेवावेत, त्यातला हा प्रकार.) मग दार लावलं, वर कापड घातलं, णमोकार मंत्र म्हटला आणि पट्ट्याचं साफ विसरून गेलो.

आषाढात, महाराज गावात आल्यावर, मी कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत आलं की डिस्क सापडत नाही, डिस्क घाला आणि एंटर दाबा. मी एंटर दाबलं. परत तेच आलं. परत दाबलं. आमच्या संस्थेचे संचालक दर बैठकीत एकच उत्तर देतात, पण निदान आवाज बदलून देतात. ह्याचा तेवढाही उपकार नाही. शेवटी विक्रमला फोन लावला. तो आधी "स्वल्प तडीरी, अण्णा" म्हणाला. थोडं थांबा असं त्यानं कानडीत म्हटलं की जेवून घ्यावं, एवढा अनुभव आहे. जेवून झाल्यावर तो परत आला आणि म्हणाला, चालू करून पेटीला कान लावा, डिस्क फिरल्यासारखी वाटते का बघा. मी जमिनीवर आडवा होऊन कान लावला. बारीक घरघर येत होती. एवढ्यात पद्मावती आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ताप हाय व्हय त्याला?" मी म्हटलं, जीव आहे. ती म्हणाली, "तुमच्यात हाय का बघा आधी."

जीव आहे म्हटल्यावर विक्रमनं एकेक उपाय सांगायला सुरुवात केली. चालू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो, तिथं डिस्कचं नाव दिसायला पाहिजे. दिसत नव्हतं, नावाच्या जागी काही नाही असं लिहिलेलं. तारीखही कुठलीतरी फार जुनी दाखवत होता. मग आतला घड्याळाचा सेल गेला असेल म्हणून मी वडापच्या जीपमधून निपाणीला जाऊन सेल आणला आणि पेटीचं दार जेमतेम उघडून चाचपडतच घातला. त्यानंतर कॉम्प्युटरला आज कुठला दिवस आहे हे बरोबर कळू लागलं, पण आपल्यापाशी काय आहे हे कळेना. (अशी माणसं मी बघितली आहेत, म्हणून त्याला दोष दिला नाही.) मग विक्रम म्हणाला, सीडीचा खण आणि हार्ड डिस्क एकाच पट्ट्यावर असतात, एकानं थोरला व्हायचं, एकानं धाकटा, डिस्कच्या पाठीमागं बारीक टोपण असतं, त्यावरून ते ठरतं, दोघंही थोरले होऊन बसले तर कॉम्प्युटर दोघांनाही ओळख देत नाही. हे ऐकून मला विक्रमविषयी आदर वाटला. आमच्या घरच्या वाटणीच्या वेळी इतकं स्वच्छ कुणी बोललं असतं तर चुलत्यांचं आणि आप्पांचं बोलणं बंद झालं नसतं. असो. ते टोपण बघायला मी पेटी उघडली, आणि बघतो तर पट्टा बाहेर लोंबतोय.

श्रेयांस, मी मोठ्यानं हसलो. इतके दिवस कॉम्प्युटरला नावं ठेवली, आणि गुन्हेगार मी. पद्मावतीला हाक मारली, ती चुलीवरचं तसंच टाकून आली. मी पट्टा हातात घेतला आणि डिस्कच्या तोंडाशी नेला. तर तोंड बंद होतं.

डिस्कच्या पाठीमागं सुयांच्या दोन ओळी असलेली खाच असते हे तुला सांगायला नको. त्या खाचेत मातीची मडकी लिंपलेली होती. गुळगुळीत, बोराएवढी, एकाला एक चिकटून, आणि इतकी सुबक की एखाद्यानं कोरून बसवली म्हटलं तर पटावं. पेटीच्या मागची एक पट्टी केव्हाची तुटली आहे, तिथून ये-जा सुरू होती. सगळ्यांत शेवटच्या मडक्याच्या काठावर स्वतः कुंभारीण माशी बसली होती, पिवळ्या कमरेची, तोंडात चिखलाची गोळी धरून. ती माझ्याकडं बघत होती. माझ्या हातात पट्टा होता. तिचं काम चालू होतं आणि माझं थांबलं होतं, त्यामुळं कोण कुणाच्या घरात शिरलं आहे असा प्रश्न क्षणभर मलाच पडला.

आधी वाटलं, मातीच तर आहे, खरडून टाकू. मग शाळेत गुरुजींनी शिकवलेलं आठवलं. ही माशी मडक्यात अंडं घालते, आणि पोराला शिदोरी म्हणून हिरव्या अळ्या डंख मारून बधिर करते आणि जिवंतच आत भरते. म्हणजे मडकं फोडलं तर माशीचं पोर मरतं, आणि न फोडलं तर अळ्या मरतात. मी पेटीसमोर बसून विचार केला. पाठशाळेत शिकवलेलं की जितकी इंद्रियं जास्त तितकं जीव मारल्याचं पाप मोठं, आणि माशी चार इंद्रियांची. अळी दोन की तीन इंद्रियांची हे मला नक्की आठवेना. एका बाजूला माशी, दुसऱ्या बाजूला आप्पा, ते पाच इंद्रियांचे. पण त्यांचे कान निम्मे आणि डोळे निम्मे धरले तर तेही चारावरच येतात. म्हणजे माशी आणि आप्पा एका ओळीत आले, आणि निर्णय काही झाला नाही.

मग पंडितजींना आडवळणानं विचारलं, की समजा एखाद्याच्या घरी अशा अशा जागी जीव राहायला आला, तर काय करावं? ते म्हणाले, चातुर्मास आहे, वाट बघावी. महाराज चार महिने एका ठिकाणी थांबतात ते पायाखाली जीव येऊ नये म्हणूनच ना? मी म्हटलं, बरोबर आहे. मग पुस्तकाला थोडा उशीर झाला तर? पंडितजी म्हणाले, "उशीर कसा होईल? जाहीर केलंय की!"

शेजारचे मारुतीराव तुला आठवतात, तुझ्या लग्नात वाढायला उभे होते ते. त्यांच्याकडं कुऱ्हाडीपासून कुदळीपर्यंत सगळं आहे, आणि कुठलंही काम त्यातल्या एकानं होतंच अशी त्यांची श्रद्धा आहे. ते आले, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "अवो पारीसअण्णा, माशीचं घर हाय का मामलेदार कचेरी? सरका तिकडं, एका टोच्यात उडिवतो." मी नको म्हटलं. "पाप माज्याकडं. आमच्यात चालतंय." मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्यात स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेलं बघून मनाला बरं वाटलेलं, तिन्ही सारखंच लागतं. त्यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, "मग बरं वाटू द्यू नगासा की! मी फोडतो, तुमी रडा."

खरं सांगतो, मला मोह झाला. मारुतीराव म्हणाले, तुम्ही परसात जाऊन पाणी पिऊन या. मी गेलो. तहान नव्हती. तांब्या तोंडाला लावून सावकाश, घोट घोट प्यालो. एवढं पाणी मी उपासाच्या पारण्यालाही पीत नाही. आणि तेवढ्यात सोप्यातून आप्पांचा आवाज आला. ते आपलंच एक पद म्हणत होते:

मुंगी चालली वाटेने, तिला वाट द्यावी गा,
आपण उभे राहावे, घाई कशाची गा.

मी तांब्या टाकला आणि माजघरात धावलो. मारुतीरावांनी स्क्रू-डायव्हर मडक्याला टेकवलेला होता. माझ्याकडं बघून त्यांनी तो कॉम्प्युटरच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "आत माशी आनि भाईर तुमी. ह्या डबड्याला काय मोक्ष न्हाय बगा." ज्या पदांसाठी हे सगळं करायचं, त्यांतलंच एक असं आडवं येतं, याला मी काय म्हणावं?

तेव्हापासून मी वाट बघतो आहे. रोज सकाळी अभिषेकाहून आलो की बॅटरी लावून पेटीत बघतो. माशी आता दिसत नाही, मडकी बंद आहेत. आत काय चाललं आहे ते आतल्यांना माहीत. विक्रमला खरं कारण सांगितलं तेव्हा तो "आगंगिल्ल्री, अण्णा" म्हणाला, म्हणजे होणार नाही. असला बिघाड आमच्या शिक्षणात नव्हता म्हणाला. प्रेसवाला कागदाला वाळवी लागेल म्हणतो. (तिचीही मला काळजी वाटली, आणि वाटल्याबरोबर स्वतःची कीव आली.) पद्मावती म्हणते, "माज्या म्हायेरचा कॉम्प्युटर म्हणून माशीला देऊन बसलासा. तुमच्या आप्पांच्या ट्रंकेत बसली असती तर काय केलं आसतासा?" आणि आप्पा रोज दुपारी, त्या जुन्या बैठकीच्या वेळेला, एकच विचारतात: "पारिसा, पुस्तक कवा?" मी सांगितलं, चातुर्मासात कॉम्प्युटर बंद आहे, आप्पा. हे खोटं नाही. आप्पा म्हणाले, "यंत्र बी उपास करतंय व्हय? चांगलं हाय." तेवढंच बोलून ते परत भिंतीकडं बघत बसले.

मला भीती कसली आहे ते तुला लिहितो, कारण इथं कुणाला सांगता येत नाही. ओली माती इतके दिवस सुयांना चिकटून आहे. पोरं उडून गेली तरी सुया गंजलेल्या असतील, आणि मग त्या डिस्कवरचं कुणालाच वाचता येणार नाही. आप्पांना परत पहिल्यापासून सांगा म्हणायचं धाडस माझ्यात नाही, आणि त्यांनी सांगायला घेतलं तर परत तितकं बसायचं बळ माझ्यात नाही. पुस्तक झालं नाही तर आप्पा रागावणार नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त बरं म्हणतील. कुंभारणीचा मला राग येत नाही. तिनं आमच्याच विहिरीच्या काठची माती आणली, कुणासाठी आणि कुठं ठेवायची हे तिला ठाऊक होतं, आणि ठेवून ती निघून गेली. मी तीन वर्षं ऐकून ऐकून जे भरलं, त्याचा पट्टा मीच उपसून ठेवला. रोज बॅटरी घेऊन तिथं वाकलो की वाटतं, एवढ्या मोठ्या जगात देवानं माझी परीक्षा घ्यायला एवढीशी खाच का निवडली असेल? मग वाटतं, आमचे जिनेश्वर तर कुणाची परीक्षा घेत नाहीत, जो तो आपलंच भोगतो. त्यानं आणखी वाईट वाटतं.

पत्र फार लांबलं. तुझ्या मीटिंगच्या मध्ये जेवढं वाचून होईल तेवढं वाच. मुलांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
पार्श्वनाथ

ता.क. तू इकडं यावंस असं मी काहीही सुचवत नाही आहे. सुचवलं तर ते करवणं होईल, आणि करवण्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. नुसती माहिती म्हणून कळवतो की बेळगावच्या सांबऱ्याला सकाळी विमान उतरतं, आणि तिथून गाडीनं निघालेला माणूस आमच्याकडं जेवणाआधी पोचतो. रविवारी सकाळी मी, आप्पा आणि तुझी आक्का बस्तीत असतो. किल्ली वळचणीला असते. स्क्रू-डायव्हर मारुतीराव विसरून गेले आहेत, तो कॉम्प्युटरच्या डोक्यावर आहे. तुझ्या परवाच्या फोटोत मागं ताटलीत ऑम्लेट दिसत होतं. मी ते तुझ्या आक्काला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. फक्त मनात आलं की तुला एवढं लागलंच आहे, तर त्यावर आणखी थोडं लागलं तरी फारसं कळायचं नाही. (मनात आलेलंही लागतं, पण ते माझं मी बघून घेईन.) आलास आणि काही झालं, तर मला सांगू नकोस. मला बरं वाटेल, आणि बरं वाटता कामा नये.

ता.क. दुसरा. पाकीट बंद करून पोस्टात टाकायला निघणार होतो, तर पाऊस लागला, आणि मग ते देव्हाऱ्याजवळ राहूनच गेलं. आज सकाळी बॅटरी लावली तर प्रत्येक मडक्याला एक गोल भोक. सगळी रिकामी. खात्री करायला दुपारपर्यंत थांबलो. मग मऊ कुंचल्यानं माती झाडली, डिस्क उन्हात धरली, एक सुई वाकली होती ती तुझ्या आक्काच्या दाभणानं सरळ केली, आणि पट्टा बसवला. डिस्क सापडत नाही, एंटर दाबा. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. रडणार होतो, पण त्यासाठीही काही शिल्लक नव्हतं. शेवटी विक्रमला कळवावं म्हणून फोन केला. तो म्हणाला, पट्ट्याचा लाल काठ कुठल्या बाजूला आहे? मी तो उलटा घातला होता. सुलटा घातला, आणि श्रेयांस, सगळं आलं! सगळी पदं, जशीच्या तशी. एक उघडून वाचलं, डोळे भरून आले. तुझी आक्का म्हणाली, मातीची धूळ गेली असंल.

मी सोप्यात धावलो. तिथं मारुतीराव बसलेले. मला मघाशी भिंतीला टेकून बसलेला बघून त्यांनी आप्पांना सगळं सांगून टाकलं होतं, माशी, माती, डिस्क गेली, पदं गेली, सगळं. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "पारिसा, गेली म्हणं समदी?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत, "बरं झालं. लई चुका हुत्या त्यात. तू लिवलेल्या. चल, परत घ्यू या." फाल्गुनात पदं संपल्यापासून हा माणूस पुस्तक कवा याच्यापलीकडं फारसं बोलला नव्हता. अर्धी भाकरी टाकून उठायचा, हे मी वर लिहिलं नाही, कारण माझंही त्याच्याकडं नीट लक्ष नव्हतं. आज त्यांनी ताक मागून घेतलं, चटणी मागून घेतली, आणि पद्मावतीला म्हणाले, भाकरी करपली. मी विचारलं, आप्पा, महाराजांना काय सांगायचं? "सांगतो मी, फुडच्या सालाला देतो म्हणून. हे महाराज नसतील तर दुसरे येतील. मला काय घाई न्हाय." मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

ता.क. तिसरा. तेव्हा आता येऊ नकोस. तेल पार्सलनं पाठवतो. पत्र फाडून नवं लिहायला पाहिजे होतं, पण दुपारपासून ऋषभदेवांच्या पहिल्या पदाला सुरुवात झाली आहे आणि माझी बोटं आखडली आहेत. आप्पांनी तुझा नंबर मागून घेतला. तू यातला जाणकार म्हणून ते तुला विचारणार आहेत, आत काय राहिलं आसंल काय रं? न्हाय म्हणून सांग. हे मी सुचवत नाही, सरळ सांगतो आहे. एकदा सांगून ते ऐकणाऱ्यातले नाहीत, दोनदा सांग. मग ते तुला नव्यानं केलेलं पहिलं पद म्हणून दाखवतील. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितली. आधीच्यापेक्षा बरं झालंय म्हण. तसं झालेलं नाही, पण म्हण.